बॉक्सिंगमधला रिप्ले: रेफ्रीचा निर्णय कधी फिरतो आणि कधी नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी वादग्रस्त लढत झाली की दुसऱ्या दिवसापासून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. "व्हिडिओत इतकं स्वच्छ दिसतंय, मग निर्णय का बदलत नाहीत?" हा त्यातला सगळ्यात मोठा. मी हौशी स्पर्धांमध्ये बरीच वर्षं वेळाधिकाऱ्याच्या टेबलावर बसलो आहे, त्यामुळे या प्रश्नामागची तळमळ मला कळते. आलेले प्रश्न इथे क्रमाने लावले आहेत.

शब्दांबद्दल आधीच सांगतो. मराठीत 'पंच' म्हटलं की निर्णय देणारा माणूसही कळतो आणि बसलेला गुद्दाही. म्हणून इथे रिंगच्या आत असतो तो रेफ्री, बाहेर बसून गुण देतात ते जज आणि मारला जातो तो ठोसा.

1. टीव्हीवर प्रत्येक फेरीनंतर रिप्ले दाखवतातच. मग 'रिप्लेचा नियम' म्हणजे वेगळं काय?

टीव्हीवरचा रिप्ले प्रेक्षकांसाठी असतो, निकालाशी त्याचा काही संबंध नसतो. नियमातला रिप्ले म्हणजे लढतीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने किंवा संघटनेने आधीच ठरवून दिलेली तपासणी: कोणता निर्णय तपासायचा, कोणी, किती वेळात, कोणत्या पडद्यावर. हे लढतीआधी लिहून ठेवलेलं नसेल, तर चित्रण कितीही स्वच्छ असलं तरी त्या रात्री त्याचा उपयोग नाही. व्यावसायिक बॉक्सिंगला जगभर एकच नियामक नाही, त्यामुळे एका ठिकाणी चालणारा रिप्ले दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही.

2. क्रिकेटमध्ये डीआरएस आहे, कुस्तीत चॅलेंज आहे. बॉक्सिंगमध्येच काय अडचण आहे?

अडचण वेळेची आहे. क्रिकेटमध्ये चेंडू 'डेड' होतो आणि खेळ आपोआप थांबतो. 1992 मध्ये डर्बनला तिसऱ्या पंचाने सचिन तेंडुलकरला धावबाद दिलं, तेव्हा पडद्याकडे बघत उभं राहिल्याने कोणत्याही संघाचं काही बिघडलं नाही. कुस्तीतही चॅलेंज तपासलं जातं ते डाव संपून कुस्ती थांबल्यावर, आणि चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो.

बॉक्सिंगमध्ये फेरी सलग तीन मिनिटं चालते. ठोसा लागून पाय लटपटत असलेल्या बॉक्सरला दहा सेकंद मिळाली तरी तो सावरू शकतो. तीस सेकंद मिळाली तर लढतच बदलते. चॅलेंजचा अधिकार प्रशिक्षकाला दिला, तर आपला बॉक्सर डगमगतोय असं दिसताच तो चॅलेंज टाकेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं. म्हणून फेरी चालू असताना रिप्लेसाठी खेळ थांबवू नये, या मतावर मी ठाम आहे. तपासणीला जागा दोनच: फेऱ्यांमधलं एक मिनिट आणि लढत थांबल्यानंतरचा वेळ.

3. कोणते निर्णय तपासता येतात?

नियम जागोजागी वेगळे आहेत, पण विभागणी साधारण अशी असते. काय घडलं, हा प्रश्न तपासता येतो: जखम मुठीने झाली की डोक्याच्या धडकेने, बॉक्सर ठोशाने पडला की पाय घसरून, ठोसा पट्ट्याच्या वर होता की खाली, घंटेच्या आधी बसला की नंतर. घडलं ते किती गंभीर होतं, हा प्रश्न रेफ्रीकडेच राहतो: लढत आत्ता थांबवावी का, मिठी मारल्याबद्दल आणखी एक ताकीद द्यावी का, बॉक्सरची नजर शुद्धीवर आहे का.

काही आयोग यातला फार छोटा तुकडा मान्य करतात. दुखापतीमुळे लढत थांबली असेल, तरच त्या दुखापतीचं कारण बघायचं, बाकी काही नाही.

4. रिप्ले मागण्याचा अधिकार कोणाला असतो? कोपऱ्यातून ओरडून उपयोग होतो का?

होत नाही. साधारणपणे रेफ्री स्वतः किंवा रिंगलगत बसलेला अधिकारी तपासणी सुरू करतो. त्या कामासाठी वेगळा रिप्ले अधिकारी नेमलेला असेल तर उत्तम, कारण ज्याचा निर्णय आहे त्यालाच पडद्यासमोर बसवून "तुझं चुकलं का?" असं विचारणं कुणाच्याच हिताचं नाही. प्रशिक्षकाने फेरी संपल्यावर निरीक्षकाला शांतपणे सांगावं. एप्रनवर (दोरांबाहेरच्या कडेवर) चढून आरडाओरडा केला तर उलट आपल्याच बॉक्सरवर कारवाई ओढवू शकते.

5. त्या एका मिनिटात नेमकं काय पाहतात?

एका स्पर्धेतला प्रसंग सांगतो. निळ्या कोपऱ्यातल्या मुलाच्या उजव्या भुवईवरून रक्त आलं. डोक्याची धडक झाली, असा निर्णय रेफ्रीने दिला. लाल कोपऱ्याचं म्हणणं होतं की हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला. फेरी संपल्यावर टेबलावर लॅपटॉप उघडला. आधी रक्त स्पष्ट दिसतं तो क्षण शोधला, तिथून एकेक चित्र मागे गेलो आणि भुवई कोरडी असलेलं शेवटचं चित्र पकडलं. या दोघांच्या मधे जे घडलं तेच कारण, बाकी सगळं बघण्यात वेळ जातो. त्या पट्टीत डोकी एकमेकांना लागली होती आणि हुक नंतर, कानाजवळ बसला होता. रेफ्रीचं बरोबर होतं. पण आम्हाला तसं खात्रीने सांगता आलं ते कॅमेरा योगायोगाने त्याच बाजूला होता म्हणून.

आता कॅमेऱ्याची मर्यादा. साधं चित्रण सेकंदाला 25 चित्रांचं असतं, म्हणजे दोन चित्रांमध्ये 40 मिलिसेकंद जातात. मूठ सेकंदाला 8 मीटर वेगाने निघाली असं धरा, तर तेवढ्या वेळात ती 32 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. एका चित्रात ग्लोव्ह हनुवटीपासून वीतभर लांब आणि पुढच्या चित्रात ठोसा बसून परत फिरलेला, असं सर्रास होतं. नेमका स्पर्शाचा क्षण चित्रात नसतोच. मग मानेचा झटका, उडालेला घाम, गालाची हललेली कातडी यांवरून अंदाज करावा लागतो. जास्त वेगाचे कॅमेरे असले की हा प्रश्न बराच सुटतो.

दुसरी मर्यादा खोलीची. कॅमेरा समोरून असेल, तर ग्लोव्ह आणि चेहरा यांच्यातलं चार बोटांचं अंतर पडद्यावर नाहीसं होतं आणि न लागलेला ठोसाही बसल्यासारखा दिसतो. म्हणून एका कोनावरून निर्णय फिरवू नये, किमान दोन कोन हवेत.

6. जखम डोक्याने झाली की मुठीने, यावर एवढा गदारोळ का? जखम ती जखमच.

कारण निकाल पूर्ण उलटतो. अमेरिकेतल्या बहुतेक आयोगांनी स्वीकारलेल्या युनिफाइड नियमांनुसार, वैध ठोशाने झालेल्या जखमेमुळे लढत थांबली तर जखमी बॉक्सर टीकेओने, म्हणजे तांत्रिक नॉकआउटने हरतो. तीच जखम चुकून झालेल्या धडकेची असेल आणि चार फेऱ्या पूर्ण झालेल्या नसतील, तर लढत 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे कुणीच हरलं नाही. चार फेऱ्या झाल्या असतील तर जजांची गुणांची कार्डं उघडतात आणि पुढे असलेला टेक्निकल डिसिजनने जिंकतो. धडक मुद्दाम मारलेली असेल आणि त्यामुळे लढत तिथेच थांबली, तर मारणारा बाद.

मुद्दाम मारलेल्या धडकेनंतर लढत चालू राहिली आणि तीच जखम वाढून पुढे थांबवावी लागली, तर जखमी बॉक्सर कार्डांवर पुढे असल्यास जिंकतो, मागे किंवा बरोबरीत असल्यास टेक्निकल ड्रॉ होतो. म्हणजे भुवईवरचा तोच बोटभर काप एका बॉक्सरच्या नावावर पराभव लिहू शकतो, विजय लिहू शकतो किंवा काहीच लिहीत नाही. रेफ्रीने हे कारण त्या क्षणी, दोघांच्या खांद्यांमधून डोकावून ठरवलेलं असतं. रिप्लेची खरी गरज कुठे असेल तर ती इथे आहे.

7. फ्रँको–मोलोनी लढतीत 26 मिनिटं रिप्ले पाहिला, तरी निर्णय का बदलला नाही?

14 नोव्हेंबर 2020, लास वेगास. जोशुआ फ्रँको आणि अँड्र्यू मोलोनी यांची दुसरी लढत. फ्रँकोचा उजवा डोळा सुजून बंद झाला आणि दुसऱ्या फेरीनंतर लढत थांबली. रेफ्री रसेल मोरा यांनी पहिल्या फेरीतली डोक्याची धडक हे कारण दिलं होतं. मोलोनीच्या बाजूचं म्हणणं होतं की सूज त्याच्या जॅबमुळे (पुढच्या हाताच्या सरळ ठोशामुळे) आहे. रिप्ले तपासायला 26 मिनिटं लागली आणि शेवटी मूळ निर्णय कायम राहून लढत नो कॉन्टेस्ट ठरली.

पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाटलं की मोलोनीवर अन्याय झाला, आणि मलाही तसंच वाटतं. पण निर्णय का फिरला नाही हे समजून घेण्यासारखं आहे. अशा तपासणीत मूळ निर्णय बरोबर मानूनच सुरुवात होते आणि तो चुकीचा असल्याचं ठसठशीत दिसलं तरच बदलतो. क्रिकेटमधलं 'अंपायर्स कॉल' याच विचाराचं आहे. त्यात काप आणि सूज यांत मोठा फरक. कापाला प्रश्न 5 मध्ये सांगितलेलं 'आधीचं' आणि 'नंतरचं' चित्र सापडतं. सूज हळूहळू चढते, तिला असं एक चित्र नसतं. त्यामुळे धडक झालीच नाही, हे सिद्ध करायची वेळ येते, आणि ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य.

माझ्या मते 26 मिनिटं हाच मुद्दा आहे. पाच मिनिटांत दिसलं नाही ते पंचविसाव्या मिनिटाला दिसणार नाही. तपासणीला वेळेचं बंधन हवं.

8. कमरेखालचा ठोसा रिप्लेवर ठरवता येतो का?

कधी लख्ख, कधी अजिबात नाही. दोन लढती शेजारी ठेवून बघा.

13 ऑगस्ट 2011, लास वेगास, अबनर मारेस विरुद्ध जोसेफ अगबेको. अकराव्या फेरीत मारेसचा ठोसा पट्ट्याच्या बऱ्याच खाली बसला, अगबेको कळवळून खाली गेला आणि रेफ्रीने त्याच्यावरच नॉकडाउन मोजायला सुरुवात केली. संथगतीत पाहण्याचीही गरज नव्हती. एका मिनिटाच्या विश्रांतीत तो नॉकडाउन सहज रद्द झाला असता. तो रद्द झाला नाही, मारेस बहुमताने जिंकला, आणि किताब देणाऱ्या आयबीएफ या संघटनेने पुन्हा लढत घ्यायला लावली. डिसेंबरमधल्या त्या लढतीत मारेस निर्विवाद जिंकला, म्हणजे तो मुळात चांगलाच बॉक्सर होता. पण अगबेकोला तीच लढाई पुन्हा लढावी लागली.

26 ऑगस्ट 2023, पोलंडमधलं व्रोत्सवाफ, ओलेक्सांद्र उसिक विरुद्ध डॅनियल दुबुआ. पाचव्या फेरीत दुबुआचा उजवा ठोसा उसिकच्या पट्ट्याच्या रेषेवर बसला. रेफ्रीने तो कमरेखालचा ठरवून उसिकला सावरायला वेळ दिला. नवव्या फेरीत उसिक जिंकला. त्या ठोशाची स्थिर चित्रं लोक अजूनही पाठवतात, आणि तेच चित्र दाखवून दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणतात. शॉर्ट्स वर ओढलेली असते, बॉक्सर वाकलेला असतो, ग्लोव्हचा अर्धा भाग वर तर अर्धा खाली. तिथे रिप्ले असता तरी मूळ निर्णय टिकला असता असं मला वाटतं.

रेफ्रीने ठोसा वैध मानला तर दहा आकडे, कमरेखालचा मानला तर युनिफाइड नियमांनुसार पाच मिनिटांपर्यंत विश्रांती. एवढा मोठा फरक क्षणात ठरतो, म्हणून हा निर्णय सगळ्यात जास्त भांडणं लावतो.

9. नॉकडाउन दिलाच नाही, तर नंतर देता येतो का?

नियमात तशी तरतूद असेल तर विश्रांतीत देता येतो. जजांना आणि दोन्ही कोपऱ्यांना पुढची फेरी सुरू होण्याआधी कळवलं पाहिजे, कारण आपण मागे आहोत हे माहीत नसलेला बॉक्सर शेवटच्या फेऱ्या चुकीच्या पद्धतीने लढतो.

1 मार्च 2025 ला ब्रुकलिनमध्ये जर्वोंटा डेव्हिस लामाँट रोचविरुद्ध नवव्या फेरीत स्वतःहून गुडघ्यावर बसला, मग कोपऱ्यात जाऊन चेहरा पुसून घेतला. केसांना लावलेलं काहीतरी डोळ्यांत गेल्याचं त्याने नंतर सांगितलं. रेफ्रीने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली, नॉकडाउन दिला नाही. तांत्रिक अडचणीमुळे रिप्लेचाही उपयोग झाला नाही. निकाल: एका जजने 115–113 डेव्हिसला, बाकी दोघांनी 114–114, म्हणजे बरोबरी. त्या दोन कार्डांवर नॉकडाउनमुळे डेव्हिसचा एक गुण जरी कमी झाला असता, तरी रोच डेव्हिसचं जगज्जेतेपद घेऊन गेला असता. यंत्रणा नियमात आहे पण टेबलावर चालत नाही, हे मला नियम नसण्यापेक्षा वाईट वाटतं. पडदा, जोडणी आणि माणूस लढतीआधी तपासून घेतलेच पाहिजेत.

10. रिप्लेवर घड्याळ लावलं तर बॉक्सर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली होता. तो नॉकआउट का नाही?

कारण बॉक्सरला घड्याळाशी नाही, रेफ्रीच्या आकड्यांशी बांधलेलं आहे. तो "आठ" ऐकून उठतो. रेफ्री सावकाश मोजत होता, ही त्याची चूक नाही. 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लस आठव्या फेरीत पडला आणि दहाव्या फेरीत त्याने माईक टायसनला नॉकआउट केलं. मोजणी लांबली म्हणून तक्रार झाली, दोन संघटनांनी निकाल काही दिवस लटकत ठेवला आणि मग मान्य केला. 1927 च्या टनी–डेम्प्सी लढतीत तर चित्रणावरून टनी सुमारे 14 सेकंद खाली असल्याचं मोजतात, पण डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात जाईपर्यंत मोजणी सुरू करायचीच नाही असा नियम होता. चित्रण खरं होतं आणि निर्णयही बरोबर होता.

11. रेफ्रीने लढत फार लवकर थांबवली असं रिप्लेत दिसलं, तर पुन्हा सुरू करता येईल का?

नाही. आणि हा नियम कधीही सैल होऊ नये. हात हलवून लढत संपवल्यावर बॉक्सरने बचाव सोडलेला असतो, शरीर थंड पडलेलं असतं, डोक्याला बसलेल्या मारानंतर त्याची स्थिती कुणाला नक्की माहीत नसते. लवकर थांबवण्याची भरपाई पुढच्या लढतीत होते. उशिरा थांबवण्याची होत नाही.

12. त्या रात्री नाही, पण नंतर निकाल बदलल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत. 15 ऑक्टोबर 2011 ला लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्या फेरीत चॅड डॉसनने पाठीवर आलेल्या बर्नार्ड हॉपकिन्सला उचलून खाली टाकलं. हॉपकिन्सचा खांदा दुखावला. रेफ्रीने फाऊल दिला नाही, डॉसनला टीकेओने विजयी ठरवलं. सुमारे दोन महिन्यांनी कॅलिफोर्नियाच्या आयोगाने तो निकाल बदलून नो कॉन्टेस्ट केला. रिंगलगत पडदा असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोनदा घडलं. जपानचा सातोशी शिमिझू लढत असताना अझरबैजानचा प्रतिस्पर्धी तिसऱ्या फेरीत सहा वेळा खाली गेला, तरी रेफ्रीने एकदाही मोजलं नाही आणि शिमिझू गुणांवर हरला. जपानने दाद मागितली, चित्रण पाहून निकाल फिरवला गेला, रेफ्रीला घरी पाठवलं. शिमिझूने पुढे कांस्यपदक मिळवलं. दुसरं उदाहरण आपल्याला जास्त टोचणारं आहे. विकास कृष्ण अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध 13–11 असा जिंकला होता. काही तासांनी चित्रण तपासून सांगण्यात आलं की त्याने तिसऱ्या फेरीत नऊ वेळा धरून ठेवलं आणि दुसऱ्या फेरीत माउथगार्ड मुद्दाम बाहेर टाकला. त्यापोटी स्पेन्सला गुण दिले गेले आणि निकाल 15–13 असा उलटला.

शिमिझूच्या लढतीत जे घडलं ते पाहिलं गेलं. विकासच्या लढतीत कुणीतरी बसून रेफ्रीची संपूर्ण फेरी नव्याने चालवली. प्रश्न 3 मधली रेषा ओलांडली की असं होतं.

13. जजांनी चुकीचे गुण दिले, तर रिप्ले मागता येतो का?

ते रिप्लेचं काम नाही. हौशी स्पर्धांमध्ये निकालाविरुद्ध दाद मागायची सोय कधी होती, कधी नव्हती. 2019 च्या जागतिक स्पर्धेत मेरी कोम उपांत्य फेरीत 4–1 अशी हरली, भारताने मागितलेली दाद तांत्रिक समितीने फेटाळली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती 3–2 अशी हरली तेव्हा दाद मागायला जागाच नव्हती, आणि तिने तसं उघड बोलून दाखवलं.

14. क्रीडा लवादाकडे जाऊन काही मिळतं का?

मैदानावरच्या निर्णयासाठी जवळजवळ कधीच नाही. टोकियोत फ्रान्सच्या मुराद अलिएव्हला डोकं मारल्याबद्दल बाद केलं, तो निषेध म्हणून रिंगच्या कडेला बसून राहिला, पुढे लवादाकडेही गेला. लवादाने अपील फेटाळलं. वाईट हेतू किंवा पक्षपात सिद्ध केल्याशिवाय लवाद रेफ्रीच्या जागी बसत नाही.

15. संथगतीत पाहिलं तर जास्त खरं दिसतं ना?

स्पर्श जास्त स्पष्ट दिसतो, हेतू मात्र बिघडतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात आढळलं की तेच कृत्य संथगतीत पाहिलं की लोकांना ते जास्त जाणूनबुजून केलेलं वाटतं, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. म्हणून माझा आग्रह असा: कुठे लागलं ते संथगतीत पाहा, मुद्दाम मारलं का ते खऱ्या वेगात.

16. आमच्या स्पर्धेत एकच कॅमेरा असतो. रिप्ले ठेवावा का?

ठेवा, पण दुखापतीच्या कारणापुरताच. कॅमेरा उंचावर, दोरांच्या वर, स्थिर ठेवा, आणि दुसरा समोरच्या कर्णावर मिळाला तर मिळवा. प्रेक्षकांच्या मोबाइलमधलं चित्रण घेऊ नका. ते अर्धवट असतं आणि कुणाच्या बाजूच्या माणसाने दाखवलं यावर ठरतं. एका बाजूला चित्रण आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी वेळ आली तर मूळ निर्णय ठेवा.

17. एक गोष्ट तपासताना दुसराच फाऊल दिसला तर? उदाहरणार्थ धडक शोधताना कोपर दिसलं?

नियमात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. दिसलेल्या कोपरानेच ती जखम झाली असेल, तर ते त्याच प्रश्नाचं उत्तर आहे आणि धरलंच पाहिजे. जखमेशी संबंध नसेल, तर गुण कापू नयेत. पण पुढच्या फेरीआधी रेफ्रीच्या कानावर जरूर घालावं, म्हणजे तो त्या बॉक्सरच्या कोपराकडे लक्ष ठेवून उभा राहील.